यंत्र मागू नका, पगार मागा

पत्र

प्रिय ताई,

आम्ही अकरा जण गेली चार वर्षं एक काम करतोय. वसतिगृहांची भोजनालयं, समारंभाची सभागृहं, दोन बेकऱ्या अशा ठिकाणी उरलेलं चांगलं अन्न गोळा करायचं आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचवायचं. जे खाण्याजोगं राहत नाही त्याचं एका मोकळ्या जागेत खत करायचं. आजवर सगळी पदरमोड. आता शहर प्रशासनानं अशा गटांसाठी अनुदान जाहीर केलंय आणि अर्जाला तीन आठवडे उरलेत.

पैसे यायच्या आधीच आमच्यात भांडणं सुरू झाली आहेत. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका म्हणतात, सगळ्या रकमेचं खतयंत्र घेऊ, चोवीस तासांत खत तयार. सगळ्यात धाकटी म्हणते, शीतगाडी हवी. तिसरा म्हणतो, सरकारी पैसा नकोच, एकदा घेतला की कायमचे मिंधे. मी समन्वयक, त्यामुळे तिघांचेही फोन मलाच येतात. शिवाय अर्जात एक रकाना आहे: ‘वर्षाला किती टन कचरा कचराभूमीवर जाण्यापासून वाचवाल?’ तिथं काय आकडा लिहू तेही कळत नाही.

— मधल्यामध्ये अडकलेली

उत्तर

प्रिय अडकलेल्या मैत्रिणी,

ज्या प्रश्नाला तुम्ही ‘शिवाय’ म्हणून पत्राच्या कोपऱ्यात बसवलंत, तोच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यंत्र की गाडी हे भांडण महिनाभरात मिटेल. त्या रकान्यात तुम्ही जे लिहाल ते मात्र अनुदान चालू असेपर्यंत तुमच्या मानगुटीवर बसणार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

समजा, एका आठवड्यात तुम्ही १०० किलो अन्न उचललंत. त्यातलं ८० किलो लोकांच्या पोटात गेलं, २० किलो खताच्या ढिगात. पुढच्या आठवड्यात गाडीवाला दोन दिवस आलाच नाही. भांडी तशीच राहिली, अन्न आंबलं आणि १००च्या १०० किलो ढिगात ओतावं लागलं. आता तो रकाना काढा आणि दोन्ही आठवडे भरून बघा. दोन्हीकडे १०० किलो. कचराभूमीवर काहीच गेलं नाही, म्हणजे दोन्ही आठवडे सारखेच यशस्वी! उद्या ‘खत किती केलं’ एवढंच कुणी विचारलं, तर दुसरा आठवडा पहिल्याच्या पाचपट चांगला ठरेल. तो आठवडा कसा गेला हे तुमच्या ऐंशी-नव्वद जेवणाऱ्यांना विचारा.

हे कुणी मुद्दाम करत नाही. आकडा ज्या दिशेला ओढतो त्या दिशेला माणसं हळूहळू सरकतात. संध्याकाळी साडेआठला सभागृहातून फोन येतो, माणसं दमलेली असतात, कुणीतरी म्हणतं, जाऊ दे, सकाळी उचलू आणि ढिगात टाकू, मोजणीत धरलं जाईलच. असं एकदा होतं, मग दहादा होतं. मी स्वतः एका गटात काही वर्षं वजनकाट्यापाशी उभी राहिले आहे, म्हणून हे सांगते.

म्हणून अर्जात एक आकडा लिहू नका. आत आलेलं वजन, वाटलेलं वजन, ढिगात गेलेलं वजन आणि यातलं काहीच न होता शेवटी फेकावं लागलेलं वजन, असे चार वेगळे लिहा. रकाना एकच असेल तर पुरवणी कागद जोडा. चौथा आकडा लपवायचा मोह होतो. पिशव्या, प्लास्टिकचे चमचे, गळक्या पुड्या यांचाच तो असतो. पण तपासनीस भेटीला आला की तेच ढिगाऱ्यापाशी आधी दिसतं, तेव्हा आपणच सांगितलेलं बरं.

आणि एक वाक्य आवर्जून घाला: ‘एखाद्या भोजनालयाकडून मिळणारं उरलेलं अन्न वर्षभरात कमी झालं, तर ते आमचं यश धरावं.’ तुम्ही रोज वजन करून त्या आचाऱ्याला आकडा सांगू लागलात की तो आपोआप कमी शिजवतो. हा अनुभव जवळजवळ प्रत्येक गटाला येतो. पण टनांवर पैसे ठरलेले असतील तर ज्या कामाबद्दल तुम्हाला शाबासकी मिळायला हवी, त्याच कामासाठी तुमचं अनुदान कापलं जाईल.

हा माझा हट्ट आहे असं अधिकाऱ्याला वाटू नये म्हणून थोडा आधार देते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०२३ साली वाया जाणाऱ्या अन्नाची नवी उतरंड प्रसिद्ध केली. सगळ्यात वर मुळात वाया जाऊच न देणं, त्याच्या जोडीला माणसांना देणं. जनावरांना घालणं त्याखाली. खत त्याच्याही खाली, आणि तळाला कचराभूमी, भट्टी आणि गटार. कॅलिफोर्नियाच्या २०१६च्या कायद्यातही दोन लक्ष्यं वेगवेगळी आहेत. कचराभूमीवर जाणारा जैविक कचरा २०२५पर्यंत ७५ टक्क्यांनी घटवायचा हे एक, आणि फेकलं जाणारं खाण्याजोगं अन्न २० टक्के तरी माणसांपर्यंत पोहोचवायचं हे दुसरं. दोन कामं, दोन मोजमापं. तुमचं प्रशासन ती एका रकान्यात कोंबत असेल तर ते घाईत झालं असणार, वाईट हेतूनं नव्हे. अर्जपूर्व बैठक असेल तर तिथं विचारा. अशा बैठकीला माणसं चहा पिऊन परत येतात, प्रश्न कुणी विचारत नाही.

आता काकांचं यंत्र. काकांवर माझा राग नाही, हे आधी सांगते. मीही एके काळी काका होते.

आमच्या गटाला एका अनुदानातून असं यंत्र मिळालं होतं. हिरवंगार, कपाटाएवढं, पुढे काचेची खिडकी. फीत कापली, फोटो निघाले. पहिले तीन महिने आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकानं दाखवत होतो. मग आतलं तापवणारं वेटोळं जळलं. दुरुस्तीचा करार खरेदीत धरलेलाच नव्हता आणि सुट्या भागासाठी जो पत्ता होता तिथं फोन उचलायला कुणी नव्हतं. अनुदानातली वस्तू म्हणून विकताही येईना. आठव्या महिन्यात आम्ही त्यावर खराटे आणि रिकामी पोती ठेवू लागलो. तपासणीला माणूस आला की खराटे खाली.

जळलं नसतं तरी मला त्याच्याबद्दल शंका होतीच. चोवीस तासांत बाहेर पडतं ती बहुधा वाळवून कुटलेली खरकट्याची भुकटी असते, खत नव्हे. दिसायला सुरेख, तपकिरी, वासही खमंग. ती मूठभर घेऊन ओली करा आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा. पांढरी बुरशी धरेल, पुन्हा वास सुटेल, कारण कुजणं झालेलंच नसतं, फक्त थांबवलेलं असतं. तशीच कुंडीत घातली तर झाडाच्या मुळाशी ती कुजायला लागते आणि झाड मान टाकतं. काकांना हा प्रयोग करून दाखवा. विक्रेत्याकडून नमुना मागायला काही पडत नाही.

खत जिवाणू करतात आणि त्यांना घाई चालत नाही. त्यांना हवा लागते, ओल लागते, आणि एक भाग नत्राला (नायट्रोजनला) पंचवीस-तीस भाग कर्ब (कार्बन) लागतो. खरकट्यात नत्र भरपूर, वाळक्या पाल्यात कर्ब भरपूर. ढीग किमान एक घनमीटरचा असला की आत उष्णता धरते. साध्या उघड्या ढिगाची पद्धत अशी की ५५ अंशांच्या वर तो १५ दिवस राहिला पाहिजे आणि तेवढ्यात पाचदा तरी उलथला पाहिजे, म्हणजे रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. त्यानंतरही ते मुरायला ठेवावं लागतं. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवलेली पद्धत याच तत्त्वावर होती. थर द्यायचे, अधूनमधून उलथायचं आणि तीनेक महिने वाट बघायची. तिला विजेचं बटण नव्हतं.

आणि खरा तुटवडा कशाचा असतो, ठाऊक आहे का? तुम्हाला असेलच, चार वर्षं झाली. पाल्याचा! खरकटं रोज येतं, पाला ठरावीक मोसमात येतो. आकारमानानं खरकट्याच्या दुपटी-तिपटीनं तो लागतो, आणि तो संपला की दुसऱ्या दिवशी शेजारी नाक धरून दारात उभे. तिखट, डोळ्यांत जाणारा वास आला तर नत्र जास्त झालं. सडक्या अंड्याचा आला तर आत हवा नाही. मुठीत दाबल्यावर दोन थेंब पडावेत, धार लागू नये. ही शहाणपणाची सगळी यादी तुमच्या खत करणाऱ्या माणसाच्या बोटांत असते. म्हणून खतासाठी मागायचंच असेल तर पाला साठवायला एक छप्पर, उंदीर शिरणार नाहीत अशा जाळीच्या पेट्या, लांब दांड्याचा तापमापक आणि उलथणाऱ्या माणसाचा पगार मागा. पाला तर शहराकडूनच फुकट मागा. रस्ते झाडणारे तो रोज गोळा करतात आणि बऱ्याच ठिकाणी तो कचराभूमीवर जातो किंवा जाळला जातो. तो तुमच्या दारात उतरवायला त्यांना जवळचं पडेल. अनुदानात सगळं रोखच असतं असं नाही, हे आपण विसरतो.

इटलीतल्या मिलानचं उदाहरण म्हणूनच मला आवडतं. त्या शहरानं २०१९पासून वस्तीवस्तीत उरलेल्या अन्नाची केंद्रं सुरू केली. पहिल्या केंद्राला महापालिकेनं स्वतःची जागा दिली. विद्यापीठ, उद्योगसंघटना आणि अन्नपेढी असे भिडू सोबत होते. अन्न दान करणाऱ्या व्यवसायांना कचरा-करातही सवलत दिली. २०२१ साली या कामाला पर्यावरणाच्या कामासाठी दिला जाणारा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. जागा, कर, पाला, पाण्याचं कनेक्शन, रात्रीचा दिवा. यातलं काय काय तुमच्या शहराच्या खिशात रोख न घालता पडून आहे, याची यादी अर्जाला जोडा.

शीतगाडीबद्दल तुमच्या धाकटीचं निम्मं बरोबर आहे. तिला जे हवंय ते सुरक्षित अन्न, आणि त्यासाठी गाडीइतकंच घड्याळ लागतं. शिजवलेल्या अन्नाला ५ ते ६० अंश हा पट्टा धोक्याचा. त्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहिलेलं अन्न देऊ नये, हा जगभर चालणारा ढोबळ नियम. तुम्ही त्याच संध्याकाळी वाटत असाल आणि फेरी तासाभराची असेल तर झाकणाचे, उष्णता धरणारे डबे आणि टोचून बघायचा तापमापक एवढ्यावर भागतं. गरम उचला, गरम पोहोचवा. शीतगाडी खरी कामाची होते ती दूध, मांस किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायच्या अन्नासाठी, आणि तिच्यामागे इंधन, विमा, चालक, रात्री उभी करायची जागा असं सगळं लचांड येतं. बेकरीचा माल तर साध्या टोपलीतूनही जातो. मी तुमच्या जागी असते तर पहिल्या वर्षी गाडी भाड्यानं घेतली असती, चालक पगारी ठेवला असता, आणि वर्षाच्या शेवटी फेऱ्यांची वही उघडून ठरवलं असतं. तेव्हा मागायला आकडे हातात असतील.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी पुन्हा पुन्हा पगारापाशी येते आहे. स्वयंसेवकांचं काम चालतं, पण लग्नसराई, परीक्षा आणि आजारपणं यांत ते थांबतं, आणि अन्न थांबत नाही. आठवड्याचे सहा दिवस ठरलेल्या वेळी गाडी नेणारा एक माणूस आणि ढीग बघणारा एक माणूस, हे दोन पगार तुमच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या दोन ओळी असू द्या. पगार मागायला गटांना लाज वाटते आणि यंत्र मागायला वाटत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. यंत्राची पाटी लावता येते म्हणून असेल. नियमांत ‘फक्त भांडवली खर्च’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. मग डबे, छप्पर, काटा आणि पेट्या मागा, आणि पगारासाठी दुसरं दार ठोठवा.

पैसा कसा येतो ते मात्र आजच्या आज विचारा. बरीच अनुदानं ‘आधी खर्च करा, पावत्या द्या, मग परतफेड’ अशी असतात. परतफेड येईपर्यंत दोन-तीन महिन्यांचे पगार कुठून द्यायचे? कागदावर मंजुरी आणि हातात कर्ज, अशा अवस्थेत चांगले गट मोडलेले मी पाहिलेत. काही भाग आगाऊ मिळेल का, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या. हिशेब तपासनिसाची फी आणि विमा हे दोन खर्चही अंदाजपत्रकात धरा, नाहीतर ते तुमच्याच खिशातून जातील. आणि वाटलेल्या अन्नातून कुणाला बाधा झाली तर जबाबदारी कुणाची, याचा तुमच्याकडचा कायदा वकिलाकडून समजून घ्या. अमेरिकेत १९९६च्या कायद्यानं प्रामाणिकपणे दान करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. फ्रान्सनं २०१६ साली ४०० चौरस मीटरहून मोठ्या सुपरमार्केटांना दानासाठी संस्थांशी करार करणंच बंधनकारक केलं. सभागृहाचा व्यवस्थापक ‘नको, उद्या काही झालं तर’ म्हणतो तेव्हा त्याला दाखवायला छापील काहीतरी हातात लागतं.

राहिला तिसरा, मिंधेपणाची भीती वाटणारा. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. न्यूयॉर्कमध्ये शहराच्या पैशावर चालणारा सामुदायिक खताचा कार्यक्रम १९९३पासूनचा. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये अंदाजपत्रकाच्या कात्रीत त्याचा निधी गेला आणि शिकलेली माणसं कामावरून गेली. लोकांनी आरडाओरडा केला, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात निधी परत आला. तीस वर्षांचं काम एका फटक्यात अधांतरी येतं, हे त्याचं म्हणणं खरं आहे. पण निधी परत आला तो का, तर त्या ढिगांपाशी येणारी, खत घरी नेणारी माणसं गप्प बसली नाहीत म्हणून.

तेव्हा त्याला सांगा, पैसा घेऊ, पण जेवढ्यानं बंद पडणार नाही तेवढाच घेऊ. चार वर्षं पदरमोडीवर जेवढं चाललं तेवढं पुढेही पदरमोडीवरच चालवा, वाढ तेवढी अनुदानावर करा. आणि मिंधे व्हायचं कारणही नाही. एका टन कचऱ्याची वाहतूक आणि विल्हेवाट यावर शहराचे पैसे जातात, ते तुम्ही वाचवता. कचराभूमीत हवा न मिळता कुजणाऱ्या अन्नातून मिथेन हा वातावरण तापवणारा वायू निघतो. अमेरिकेतल्या महापालिकांच्या कचराभूमींतून निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के मिथेन वाया गेलेल्या अन्नाचा असतो, असा तिथल्या त्याच पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबानं २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. एवढ्या ढिगाऱ्यातलं तुमच्या वाट्याचं तुम्ही उचलताय. शहर तुमच्याकडून एक सेवा विकत घेतंय, असं समजून अर्ज लिहा. भाषा आपोआप बदलेल, ‘नम्र विनंती’ची संख्या कमी होईल.

काकांशी बोलायचं काम मात्र तुम्हालाच करावं लागणार. मला वाटतं, त्यांना यंत्र नकोच आहे. चार वर्षं राबून दाखवता येईल असं काहीतरी उभं राहावं, एवढंच त्यांना हवंय, आणि ते चूक नाही. लांब दांड्याचा तापमापक आला की तो त्यांच्याच हातात द्या. रोज सकाळी ढिगाच्या पोटात तो खुपसायचा, मिनिटभर थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी काटा साठाकडे जातो आणि उलथताना वाफ निघते, तेव्हा ते तुम्हाला स्वतःहून फोन करतील, आणि तो फोन भांडणाचा नसेल.

तुमची,
ताई

ता. क. वजनकाटा अर्जाच्या निकालाची वाट न बघता या आठवड्यातच घ्या, उसना मिळाला तरी चालेल. तीन आठवड्यांची मोजलेली वही जोडून गेलेला अर्ज आणि अंदाजानं लिहिलेला अर्ज यांतला फरक टेबलापलीकडच्या माणसाला पहिल्या पानावर कळतो.